प्रायोगिक विमानांची शुभेच्छापत्रं: फोटो फुकट, बाकी सगळ्याचे पैसे

विमानवेड्या माणसाला वाढदिवसाला फुलांचं कार्ड देण्यात अर्थ नाही. एक्स-१, एक्स-१५, एक्सबी-७० ही नावं ज्याला तोंडपाठ आहेत त्याला त्या विमानाचाच जुना कृष्णधवल फोटो हवा असतो. तसं कार्ड कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही. ते परदेशी संकेतस्थळावरून मागवावं लागतं, नाहीतर स्वतः छापून घ्यावं लागतं. दोन्ही वाटांवर पैसे कुठे लागतात आणि कुठे उगाच जातात, ते पुढे वाचा.

आधी तीन गोष्टी ठरवा: किती कार्डं हवीत, कुठे पाठवायची आहेत आणि ती विकायची आहेत का. एकच कार्ड हवं असेल तर छापखान्याची पायरी चढू नका. फोटो लॅबमधून ४ × ६ इंची मॅट प्रिंट काढा आणि दुमडलेल्या जाड कार्डशीटवर दुतर्फी टेपने चिकटवा. डिंक वापरू नका, प्रिंट फुगते. कार्डशीट आणि पाकीट धरून हे काम पन्नास रुपयांच्या आत बसायला हरकत नाही. दहाच्या वर कार्डं हवी असतील तर छपाई. विकायची असतील तर खालचा हक्कांचा भाग दोनदा वाचा. घरच्या वापरापुरती असतील तर तो चाळला तरी चालेल.

फोटो कुठून घ्यायचा

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो. फोटोचा खर्च या एका नियमाने वाचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची बरीचशी प्रायोगिक विमानं कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावर, म्हणजे आजच्या एडवर्ड्स हवाई तळावर, उडवून पाहिली गेली. तिथे हवाई दल आणि नासा (१९५८ पूर्वीची एनएसीए) या दोन्ही सरकारी संस्थांचे फोटोग्राफर होते. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ध्वनीचा वेग ओलांडणारं एक्स-१ असो, की १९५९ ते १९६८ या काळात १९९ वेळा उडालेलं एक्स-१५, त्यांचे सरकारी फोटो आज घरबसल्या उतरवून घेता येतात.

पहिलं ठिकाण नासाची इमेज अँड व्हिडिओ लायब्ररी. विमानाचं नाव टाका आणि सोबत ‘आर्मस्ट्राँग’ किंवा ‘ड्रायडन’ हे केंद्राचं नाव टाकून पाहा. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. उतरवताना सगळ्यात मोठी, ‘ओरिजिनल’ फाईल निवडा. पडद्यावर उजवी कळ दाबून जे चित्र साठवलं जातं ते छपाईला पुरत नाही. फोटोचा क्रमांक लिहून ठेवा. दुसरं ठिकाण ओहायोतल्या डेटनचं अमेरिकी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय. त्यांच्या संकेतस्थळावर विमानागणिक माहितीपत्रं आहेत आणि त्यांत फोटो आहेत. तिसरं, अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार. तिथे साठा प्रचंड, पण शोधयंत्रणा चिकाटीची परीक्षा पाहणारी. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला मोठा संग्रह खुला केला, मात्र तिथे ‘सीसी-झिरो’ (म्हणजे सगळे हक्क सोडलेले) अशी खूण असलेलीच चित्रं घ्या. बाकीची पाहण्यासाठी आहेत, छापण्यासाठी नाहीत. सॅन डिएगोच्या हवाई व अवकाश संग्रहालयाने फ्लिकरवर जुन्या फोटोंचा मोठा साठा टाकला आहे आणि विचित्र, अर्धवट सोडून दिलेल्या विमानांसाठी ती जागा फार चांगली.

फोटोखालची ओळ वाचल्याशिवाय फाईल उतरवू नका. ‘यू. एस. एअर फोर्स फोटो’ किंवा ‘नासा फोटो’ असेल तर पुढे जा. ‘कर्टसी ऑफ’ म्हणजे ‘सौजन्य’, आणि त्यापुढे विमान कंपनीचं नाव असेल तर थांबा. लॉकहीड, नॉर्थ्रॉप, बोईंग या कंपन्यांचे स्वतःचे फोटोग्राफर होते. त्यांचे फोटो सरकारी संकेतस्थळावर दिसले म्हणून सरकारी होत नाहीत.

आता पहिला सापळा. हेच फुकट फोटो व्यापारी चित्रसंस्था परवाना शुल्क लावून विकतात. त्यात बेकायदा काही नाही, कारण ज्यावर हक्क नाही ते कुणीही विकू शकतो. पण तुम्ही विकत घेण्याचं कारण नाही. कॅरॉल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकले होते. पुढे त्यांनाच, त्यांचाच फोटो त्यांच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल १२० डॉलर भरा असं पत्र आलं. २०१६ मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि त्यांचे मुख्य दावे टिकले नाहीत. तेव्हा कुठल्याही चित्रसंस्थेला पैसे भरण्याआधी तोच फोटो नासाच्या आणि हवाई दलाच्या साठ्यात शोधून पाहा. शोधायला दहा मिनिटं लागतात.

दुसरा सापळा रंगांचा. जुना कृष्णधवल फोटो कुणीतरी रंगवून टाकलेला असतो आणि तो दिसतोही छान. मूळ फोटो मोकळा असला तरी रंगवणाऱ्याचा त्या रंगकामावर हक्क असू शकतो. शिवाय ते रंग पुष्कळदा अंदाजपंचे असतात. ज्याला कार्ड देणार तो विमानवेडा असेल तर पहिल्यांदा त्याला तेच दिसेल.

हक्कांचं थोडक्यात

विकणार असाल तर नासाच्या तीन अटी ध्यानात ठेवा. नासाचं बोधचिन्ह कार्डावर छापायचं नाही. नासा या कार्डाला पाठिंबा देते असं भासवायचं नाही. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर व्यापारी वापरासाठी त्याची परवानगी वेगळी लागते. विमानाच्या अंगावर रंगवलेलं चिन्ह हा फोटोचाच भाग असतो. तेच चिन्ह तुम्ही कार्डाच्या पाठीवर वेगळं छापलंत की प्रकरण वेगळं.

वैमानिकांची नावं आणि चेहरे विक्रीच्या कार्डावर नकोतच. एक्स-१ चे वैमानिक चक येगर यांचं नाव एका मोबाइल कंपनीने आपल्या प्रसिद्धिपत्रकात वापरलं. येगर कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना १ लाख ३५ हजार डॉलर मंजूर केले. येगर २०२० मध्ये वारले, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नामवंत माणसाच्या नावा-चेहऱ्यावरचा हक्क मृत्यूनंतरही ७० वर्षं वारसांकडे राहतो. नुसतं विमान छापा.

ब्रिटिश विमानांचं गणित निराळं. १ जून १९५७ च्या आधी काढलेल्या सरकारी फोटोवरचा ‘क्राऊन कॉपीराइट’ फोटो काढल्यापासून ५० वर्षांनी संपतो, म्हणजे तो केव्हाच संपला आहे. १५ मे १९४१ रोजी उडालेल्या ग्लॉस्टर ई.२८/३९ या पहिल्या ब्रिटिश जेट विमानाचे सरकारी फोटो त्यात येतात. कंपनीने काढलेले येत नाहीत. आणि हक्क संपला तरी संग्रहालय आपल्या मोठ्या स्कॅनचे पैसे मागू शकतं. ते फाईलचे पैसे असतात.

भारतीय विमान हवं असेल तर एकच नाव समोर येतं: एचएएलचं एचएफ-२४ मारुत. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरूत घडलेलं, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं. भारतीय कायद्यात फोटोचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं राहतो, आणि सरकार वा एचएएलसारख्या सार्वजनिक उपक्रमाच्या कामालाही तोच हिशेब. म्हणजे १९६१ साली छापून आलेला फोटो १ जानेवारी २०२२ ला मोकळा झाला, १९६७ सालचा १ जानेवारी २०२८ ला होईल. इथे फोटो ‘काढला कधी’ यापेक्षा ‘छापला कधी’ याला महत्त्व आहे. त्या वेळच्या अंकाचं तारीख दिसणारं पान साठवून ठेवा. हे झंझट नको असेल तर मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात किंवा बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात जाऊन तिथल्या मारुतचा फोटो स्वतः काढा. त्याचे हक्क तुमचे. तो जुना नसेल, आणि कृष्णधवल केला म्हणून जुना होत नाही, पण कार्ड चांगलं होतं. हवाई तळाच्या कुंपणाबाहेरून मात्र कॅमेरा लावू नका. आणि ‘देशभक्तीचं वाटतं’ म्हणून कार्डावर अशोकस्तंभ छापू नका, त्याच्या वापरावर २००५ चा कायदा आहे.

विमान निवडताना

कार्ड उभं हवं की आडवं, हे आधी. उभ्या कार्डाला शेपटीवर उभी राहणारी विमानं सोन्यासारखी: कॉन्व्हेअरचं एक्सएफवाय-१ पोगो किंवा रायनचं एक्स-१३. नाक आभाळाकडे, चित्र आपोआप उभं. आडव्या कार्डाला डग्लसचं एक्स-३: लांबी २० मीटरच्या वर आणि पंखांचा पसारा जेमतेम ७ मीटर, सुईसारखं. लहान मुलासाठी अॅव्रोकार घ्या. कॅनडाच्या अॅव्रो कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी बनवलेली ही खरीखुरी तबकडी जमिनीपासून मीटरभरापेक्षा फारशी वर कधी गेली नाही, पण फोटोत झकास दिसते. एक्सएफ-८५ गॉब्लिनही मजेशीर आहे. बॉम्बफेकी विमानाच्या पोटात बसवण्यासाठी केलेलं हे लढाऊ विमान साडेचार मीटर लांब, म्हणजे फार तर एका मोठ्या मोटारीएवढं.

निवड करण्याआधी त्या विमानाचं पुढे काय झालं ते वाचा. प्रायोगिक विमानं होती ती, बरीचशी पडली. एक्सबी-७० चा सगळ्यात देखणा फोटो, ज्यात पाच विमानं एका रांगेत उडतात, तो ८ जून १९६६ चा. एका इंजिन कंपनीच्या प्रसिद्धीसाठी ती रांग लावली होती. फोटो झाल्यावर त्यातलं एफ-१०४ मोठ्या विमानाला धडकलं, दोन वैमानिक गेले. तो फोटो ‘उंच भरारी घे’ असं लिहून पाठवू नका. नॉर्थ्रॉपच्या वायबी-४९ या बिनशेपटीच्या विमानाचंही तेच: १९४८ साली त्यात मेलेल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचंच नाव कॅलिफोर्नियातल्या त्या एडवर्ड्स तळाला दिलं आहे. निवृत्त हवाईदल अधिकाऱ्याला हे ठाऊक असतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन प्रायोगिक विमानांच्या शेपटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं. असं कार्ड जर्मनीतल्या नातेवाइकाला पाठवू नका. तिथे त्या चिन्हाच्या प्रसारावर फौजदारी बंदी आहे. शिक्षण आणि कलेला सवलत आहे, पण वाढदिवसाचं कार्ड त्यात बसतं की नाही हा वाद तुमच्या नातेवाइकाने तिथे घालावा असं काही नाही.

फाईल: इथे चूक झाली की पैसे दोनदा

३०० डीपीआय धरून ए-६ आकाराच्या, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरच्या पानाला किमान १२४० × १७४८ पिक्सेल लागतात. ए-५ ला १७४८ × २४८०. परदेशी ५ × ७ इंची कार्डाला १५०० × २१००. याशिवाय चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा. छापखान्यात तिला ‘ब्लीड’ म्हणतात आणि ती नसेल तर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. पिक्सेल कमी पडले तर एआयच्या साधनाने फोटो मोठा करण्याचा मोह होईल. करू नका, किंवा केल्यावर शेपटीवरचा क्रमांक वाचून पाहा. ही साधनं अक्षरांचं आणि रिव्हेटचं सर्रास वाटोळं करतात. त्यापेक्षा फोटो लहान छापा आणि भोवती रुंद पांढरी चौकट ठेवा. जुन्या फोटोला ती शोभतेही.

जुन्या काळचे सरकारी फोटो बहुधा ४ × ५ किंवा ८ × १० इंची प्रमाणात असतात. ए-५, ए-६ चं प्रमाण त्याहून लांबट. पूर्ण पानभर फोटो बसवायला गेलात की वरून-खालून कापावं लागतं, आणि डीटीपी करणारा मुलगा विमान ओळखत नसेल तर आधी शेपटी जाते. कापणी तुम्ही स्वतः करून द्या. आकाश कापा, धावपट्टी कापा, विमानाला हात लावू देऊ नका.

कृष्णधवल फोटो चार रंगांत छापला तर त्यात हिरवट किंवा जांभळट झाक येते. ‘फक्त काळ्यात छापा’ असं स्पष्ट सांगा. डिजिटल मशीनवर काळ्याचा दर रंगीतपेक्षा कमी असतो, पण बरेच प्रेसवाले न विचारता रंगीतचाच लावतात. बिल होण्याआधी विचारा.

किती खर्च येतो

पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आणि गिरगावातला लग्नपत्रिकांचा खाडिलकर रोड, इथे या कामाची माणसं भेटतात. इतर गावांत ज्याच्याकडे लग्नपत्रिका छापून मिळतात तोच तुमचा माणूस. लग्नपत्रिकेच्या दुकानात आणखी एक फायदा: उरलेली सुटी पाकिटं स्वस्तात मिळू शकतात. आधी पाकीट मिळवा, मग त्या मापाचं कार्ड करा. उलटं केलंत तर पाकीट बनवून घ्यावं लागतं आणि ते कार्डाहून महाग पडतं.

प्रेसवाला दर सांगतो तो तावाचा. १३ × १९ इंची तावावर दुमडून ए-६ होणारी चार कार्डं बसतात, दुमडून ए-५ होणारी दोनच. ‘१२ × १८ चालेल ना?’ असं म्हणाला तर ब्लीडसकट चार बसत नाहीत हे सांगा.

आता हिशेब करून पाहू. दर तुमच्या गावी वेगळे असतील, आकडे बदलून घ्या. ३०० जीएसएम कागदासकट एका बाजूच्या छपाईचा ताव ४० रुपये धरा. म्हणजे एका कार्डाला १० रुपये, आणि हाच आकडा तुम्हाला फोनवर सांगितला जातो. ४० कार्डांसाठी १० ताव, एक खराबीचा, मिळून ४४० रुपये. कटिंग आणि क्रीझिंगचे (घडीची रेघ दाबून घेण्याचे) १००. पाकिटं चार रुपयांप्रमाणे १६०. फाईल लावून देण्याचे डीटीपीवाल्याचे ३००. झाले १००० रुपये, म्हणजे कार्डाला २५. हेच दहा कार्डांसाठी करा: तीन ताव १२०, कटिंगचे तेच १००, पाकिटं ४०, डीटीपीचे तेच ३००. एकूण ५६०, कार्डाला ५६. कमी कार्डं छापलीत म्हणून ठरावीक आकार कमी होत नाहीत. म्हणून एकाच तावावर चार वेगवेगळी विमानं लावा, मित्राची मागणी आपल्यात मिसळा, आणि फाईल पीडीएफ करून स्वतः न्या. डीटीपीचे ३०० तिथेच वाचतात.

बिलात मागाहून शिरणारे खर्च: आतल्या बाजूला छपाई (दुसऱ्या बाजूचा दर जवळजवळ तेवढाच), लॅमिनेशन, गोल कोपरे, प्लास्टिकची पिशवी, ‘अर्जंट’ आणि जीएसटी. सांगितलेला दर जीएसटी धरून की सोडून, हे पहिल्या वाक्यात विचारा. आतली छपाई टाळा, मजकूर हाताने लिहा. लॅमिनेशन तर नकोच: चकचकीत पृष्ठभागावर पेनाची शाई टिकत नाही आणि १९५० सालचा फोटो प्लास्टिकसारखा दिसतो. साधं मॅट आर्ट कार्ड किंवा आयव्हरी कागद पुरे.

क्रीझिंगचे पैसे मात्र वाचवू नका. ३०० जीएसएमचा कागद क्रीझ न मारता दुमडला की घडीवर फुटतो, आणि फोटोतलं काळं आकाश घडीवरून मागे जात असेल तर तिथे पांढरी भेग दिसते. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर ठेवायला सांगा. चाळीसची चाळीस छापण्याआधी एक कार्ड छापून, कापून, दुमडून हातात घ्या. पडद्यावरचं प्रूफ पाहून ‘ओके’ म्हणू नका, जुन्या फोटोतला गडद भाग कागदावर आणखी गडद येतो.

वेळ: फाईल तयार असेल तर डिजिटल काम एक-दोन दिवसांचं. पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांच्या हंगामात आणि डिसेंबरात कॅलेंडर-डायऱ्यांच्या गर्दीत तुमच्या चाळीस कार्डांना कुणी विचारत नाही, विचारलं तर ‘अर्जंट’चा दर लागतो. दिवाळीची कार्डं श्रावणातच छापून ठेवा. फोटोवर तारीख नसते, शिळी होत नाहीत.

तयार कार्ड परदेशातून मागवायचं असेल

मागणीनुसार छापून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांवर अशी कार्डं भरपूर आहेत. त्यातला बहुतेक माल म्हणजे वर सांगितलेलेच सरकारी फोटो. एका कार्डाची किंमत पाहून निर्णय घेऊ नका. शेवटच्या पानावर जा: टपालखर्च कार्डाच्या किमतीहून जास्त असू शकतो. त्यावर तुमच्या क्रेडिट कार्डाचा परकीय चलनाचा आकार, बहुतेक बँकांत दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. पुढे सीमाशुल्क, आणि कुरिअरने आलं तर ते भरून घेण्याचा कुरिअर कंपनीचा वेगळा आकार, जो पार्सल दारात आल्यावरच कळतो. अमेरिकेतल्या भावाला ‘गिफ्ट लिहून पाठव’ सांगण्यातही अर्थ नाही: भेटवस्तूंची जुनी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. पाठवणाऱ्याला सीमाशुल्काच्या फॉर्मवर वस्तूचा क्रमांक लागला तर छापील शुभेच्छापत्रांचं शीर्षक ४९०९ आहे.

सोपी वाट अशी: कार्ड अमेरिकेतल्या माणसाला द्यायचं असेल तर अमेरिकेतच छापून थेट त्याच्या पत्त्यावर पाठवा. भारतातल्या माणसाला द्यायचं असेल तर इथे छापा. समुद्र ओलांडायची गरज फाईलला असते, ती फुकट येते. अमेरिकेत मागवताना चौरस कार्ड घेऊ नका, चौरस पाकिटाला तिथलं टपालखातं जादा आकार लावतं.

टपाल: वजन आधी करा

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. ३०० जीएसएमचं दुमडून ए-६ होणारं कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत आणि पाकीट साधारण पाच ग्रॅम. ५ रुपयांत जातं. तेच ए-५ घेतलंत तर नुसतं कार्डच पावणेएकोणीस ग्रॅमचं, पाकिटासकट २० च्या पार, १० रुपये. छपाईतही ए-५ दुप्पट, टपालातही दुप्पट. मोठं कार्ड घेण्याआधी हे धरा. तिकीट कमी लावलंत तर पत्र बेअरिंग होतं आणि भुर्दंड वाढदिवस असलेल्या माणसाला पडतो.

पाकीट उघडं ठेवून ‘बुक पोस्ट’ने कमी दरात कार्डं पाठवायची जुनी सवय असेल तर ती सवलत आता गृहीत धरू नका, खिडकीवर विचारून घ्या. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७, जीएसटी वेगळा. पंचवीस रुपयांच्या कार्डाला एवढं टपाल फक्त तारीख गाठायची असेल तेव्हाच. एरवी चार-पाच दिवस आधी साध्या टपालाने टाका आणि पाकिटात कार्डामागे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घाला, मात्र त्याचंही वजन करून.

परदेशी पाठवताना पाकिटात एकच कार्ड असेल तर ते पत्र. दहा कार्डांचा खोका केलात की तो माल: सीमाशुल्काचा फॉर्म आणि पलीकडे शुल्काची शक्यता. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे. तेव्हा तिकडे दहा जणांना पाठवायची असतील तर दहा पाकिटं करा, प्रत्येकावर वेगळा पत्ता घाला आणि आत कार्डाखेरीज काही ठेवू नका. भाच्यासाठी चिकटवलेलं छोटं धातूचं विमानसुद्धा नको, त्याने पत्राचं पार्सल होतं.